अडकलेली चकरी

नगरला नर्सिंगचं शिक्षण संपवून मी शेवगावला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा मला बाविसावं वर्ष लागलं होतं. लढाई चालू होती. रॉकेल मोजून मिळायचं, साखर तर नावालाच. दुपारी दोनच्या सुमारास मोटारीतून उतरून ट्रंक हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. आत एक पन्नाशीच्या बाई टेबलावर वाकून बसल्या होत्या. अंगावर रबरी एप्रन, हातात चिमटा.

"हात धुतलेस का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी ट्रंक ठेवली, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि जवळ गेले. टेबलावर भिंतीवरचं मोठं घड्याळ पोट उघडून पडलं होतं. त्याचे स्क्रू किडनी ट्रेमध्ये ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाजवळ चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर आकडा लिहिलेला.

"हे धर," असं म्हणून त्यांनी एक स्प्रिंग माझ्या हातात दिली. माझं नाव त्यांनी संध्याकाळी विचारलं.

ते घड्याळ बाईंनी पुन्हा जुळवलं तेव्हा दोन स्क्रू उरले. घड्याळ मात्र चालू झालं. "कारखान्यानं जास्तीचे घातले असतील," बाई म्हणाल्या, आणि ते दोन स्क्रू त्यांनी कापसाच्या बरणीत टाकून दिले. पुढे मी तिथे होते तितकी वर्षं ते घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे जायचं आणि रोज सकाळी बाई ते दहा मिनिटं मागे करायच्या. स्क्रूंचा विषय मात्र कुणी काढायचा नाही.

गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचं. नवरा होता का, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "आहे ना. पुण्याला आहे. तिथं तो बरा आहे आणि इथं मी बरी आहे." याहून जास्त मला कधी कळलं नाही.

मी ख्रिस्ती. नगरहून निघताना आईने बजावून सांगितलं होतं की, बामणाच्या घरी राहायचंय, पाणी वरून घालतील, ताट वेगळं देतील, मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्याच संध्याकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, परात पुढे ढकलली आणि विचारलं, "भाकरी येते ना तुला? मला येत नाही. थापत गेले की फाटते. तू थाप, मी बघते." मग त्यांनीच स्वतःला दुरुस्त केलं, "नको, बघून कळत नाही. एक मलाही दे." मी थापलेल्या भाकरीशेजारी त्यांची वेडीवाकडी भाकरी तव्यावर पडली, आणि आम्ही दोघी पाटाला पाट लावून चुलीपुढे जेवलो. घरी पत्र लिहिताना मी आईला हे सविस्तर कळवलं. तिला ते खरं वाटलं नाही.

बघून कळत नाही, हे बाईंचं मत पक्कं होतं आणि त्याला कारण होतं. त्या शिकत होत्या तेव्हा वर्गात चाळीस मुलगे आणि तीन मुली. ऑपरेशन असलं की मुलगे टेबलाभोवती आणि या तिघी मागे बाकावर उभ्या. "तीन वर्षं मी माणसांच्या पाठी पाहिल्या," बाई सांगायच्या. "पहिलं बाळंतपण केलं तेव्हा मला पुस्तक पाठ होतं आणि हात कुठं ठेवायचा ते ठाऊक नव्हतं. त्या बाईनंच मला सांगितलं." त्यामुळे पुढे त्यांनी काहीही दुसऱ्यावर सोपवायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. स्टो, शिवणयंत्र, दवाखान्याचं छप्पर, विहिरीचा रहाट, सगळं स्वतः. आणि मलाही त्या कशातून सोडत नसत. इतर दवाखान्यांतल्या नर्सा डॉक्टरच्या हातात कात्री देतात, मी टाकेही घालायला शिकले.

गाडी हे या सगळ्याचं टोक होतं. नगरच्या कॅम्पातला एक गोरा साहेब लढाईवर जाताना आपली छोटी विलायती गाडी विकून गेला, ती बाईंनी घेतली. डॉक्टर म्हणून पेट्रोलची कुपनं मिळत. आजूबाजूच्या खेड्यांना जायला रस्ते असे नव्हतेच, गाडीवाटा होत्या, आणि बाई त्या वाटांवरून ती गाडी अशी हाकत की मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसे. हॉर्न बंद पडलेला होता. त्याच्या जागी बाईंनी शाळेतल्यासारखी पितळी घंटा आणली. ती वाजवायचं काम माझ्याकडे. गावाजवळ आलं की मी खिडकीतून हात बाहेर काढून घंटा बडवायची, कोंबड्या पळायच्या, आणि घंटेचा आवाज आला की बाया चुलीवर पाणी ठेवायच्या.

गावात वेशीजवळ नगरच्या प्रवासी मोटारींची शेड होती. तिथले मिस्त्री साठीला आलेले, मुसलमान, कमी बोलणारे गृहस्थ. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगत, अशी त्यांची ख्याती. बाईंची गाडी नवीन आली तेव्हा ते आपणहून आले होते आणि म्हणाले होते, "बाई, काई लागलं तर सांगा." बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "लागणार नाही. माझ्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." मिस्त्रींनी मान हलवली, चहा संपवला आणि गेले. ही माझ्या येण्याच्या आधीची गोष्ट. बाईंनीच मला ती सांगितली होती, आणि सांगताना त्यांना तिचा थोडा अभिमानही होता.

एका उन्हाळ्यात गाडीच्या इंजिनातून जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज यायला लागला. बाईंनी गाडीचं पुस्तक काढलं, दोन दिवस वाचलं आणि निदान केलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला आत एक साखळी असते, सायकलला असते तशी. ती दोन दातेरी चाकांवरून फिरते. साखळी ढिली झाली होती आणि चाकांचे दात झिजले होते. साखळी आणि दोन्ही चाकं नवी घालायची. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. पत्रं लिहून लिहून चार महिन्यांनी खोकं आलं. तोवर त्याच आवाजात आम्ही गाडी चालवली. गाडी कुरकुरत होती पण नेत होती आणि आणत होती.

खोकं आलं त्याच दिवशी दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बाईंनी गाडी उघडली. रेडिएटर उतरवला, पट्ट्याची पुली काढली, पुढचं झाकण काढलं. दर नटाला चिकटपट्टी आणि आकडा. साखळी निघाली. वरचं चाकही निघालं. खालचं मात्र निघेना. मिस्त्री लोक त्याला चकरी म्हणतात. मुठीएवढंच चाक ते, पण क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य, दांड्यावर असं घट्ट बसलेलं की दांड्याचाच भाग वाटावं.

बाईंनी मागून दोन लोखंडी पट्ट्या घालून दोन्ही बाजूंनी सारखं उचलून पाहिलं. रॉकेल ओतून रात्रभर मुरू दिलं. आमच्या कंदिलाचं आठवड्याचं रॉकेल त्यात गेलं. स्टरिलायझरमधलं उकळतं पाणी ओतलं. हातोड्याला त्यांची बंदी होती. "ठोकून ज्यांना काढता येतं त्यांना समजलेलं नसतं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "बाई, जुनंच सगळं परत चढवू या का? आवाज करत होती, पण चालत होती. दिवाळीनंतर सवडीनं बघू."

"म्हणजे हरलो असं होईल."

"कुणापुढे?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन जखमेच्या पट्ट्या धुवायला घेतल्या. चौथ्या दिवशी जोर जास्त झाला आणि चकरीचा एक दात तुटून उडाला. आता जुनं परत चढवायची सोयही उरली नाही.

रोज पाच-सहा माणसं कुंपणाशी जमायची. कुणी म्हणे एरंडेल घाला, कुणी म्हणे उलटं फिरवा. शनिवारी एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन आली. शिंगणापूरला निघाली होती. "लोखंडाचं काम हाय, बाई. शनिदेवाच्या हाताखालचं. तुमच्या नावानं घालते तेल." बाई तेव्हा गाडीखाली उताण्या पडल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जा, घाल. उरलं तर थोडं येताना इकडंही आण." म्हातारीने खरंच आणलं. बाईंनी ते चकरीवर ओतलं. काही झालं नाही.

आणि रोज संध्याकाळी शेड बंद करून घरी जाताना मिस्त्री कुंपणाशी थांबायचे. दोन्ही हात मागे बांधून पाच मिनिटं बघायचे. मग निघून जायचे. बाई त्या वेळी हटकून पाठमोऱ्या असायच्या.

सातव्या दिवशी सकाळी नदीपलीकडच्या गावातून एक पोरसवदा तरुण सायकल मारत आला. पाच कोसांवरून आला होता. भावजयीला काल दुपारपासून कळा येत होत्या, पहिलटकरीण होती, आणि सुईणीने हात टेकले होते. तो आवारात शिरला आणि कडुनिंबाखालच्या गाडीकडे पाहत उभा राहिला. गाडीचं तोंड उघडं होतं आणि तिचे दात, नट, बोल्ट चादरीवर मांडलेले होते.

"गाडी बंद हाय व्हय?" तो म्हणाला. "तुमची गाडी हाय म्हनून मी बैलगाडी आनली न्हाई."

बाईंनी हात पुसले. बाजाराचा दिवस होता. गावातला एकुलता टांगा नगरच्या वाटेला गेला होता. बैलगाडी मिळवायला तास गेला. मिळाली ती भुईमुगाची पोती उतरवून मिळाली. बैल दमलेले होते. गाडीवान त्यांना मारायला लागला की बाई म्हणायच्या, "मारू नकोस," आणि दोन मिनिटांनी स्वतःच म्हणायच्या, "अरे, जरा हाक ना." पाच कोसांना चार तास लागले. एरवी आम्ही घंटा वाजवत पाऊण तासात पोचायचो.

मूल आडवं होतं. बाईंनी जे केलं ते मी तोवर पुस्तकातच वाचलं होतं. आई वाचली. मूल बाहेर आलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. बाईंनी अर्धा तास त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. शेवटी सासूनेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, बाई."

आईला ताप भरला होता. ती शुद्धीवर येत होती, जात होती. आम्ही तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरल्यावर निघालो. वेशीपाशी आल्यावर बाईंनी बैलगाडी थांबवली, उतरल्या आणि तशाच, रक्ताचे डाग पडलेल्या लुगड्यानिशी, मोटारींच्या शेडमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले.

मिस्त्री एका बसच्या चाकाशी बसले होते. बाईंना पाहून उठले.

"मिस्त्री, माझ्याच्यानं ती चकरी निघत नाही," बाई म्हणाल्या. "चला."

मिस्त्रींनी त्यांच्या लुगड्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "सहा दिवस मी तुमच्या कुंपनापाशी उभा ऱ्हात हुतो, बाई."

"मला दिसत होतात."

"तुमीच म्हनला हुतात, हात लावायचा न्हाई. म्हनून इचारलं न्हाई. इचारायला पायजे हुतं. मी बी हट्टच केला."

"तुमचा हट्ट माझ्यामुळे होता. चला आता."

ते आले. चकरीकडे वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं, तुटलेला दात पाहिला. मग शेडमध्ये जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी एक अवजार घेऊन आले. मोटारीच्या चाकावरच्या मोडक्या पोलादी कमानीच्या पाट्यातून त्यांनी ते घडवलं होतं. दोन आकडे चकरीला मागून धरणारे, आणि मधोमध एक जाड बोल्ट, दांड्याच्या तोंडावर टेकणारा. बोल्ट आवळत गेलं की आकडे चकरीला पुढे ओढणार. सोबत ज्योत फेकणारा एक ब्लोलॅम्प होता.

त्यांनी आकडे अडकवले आणि पाना बाईंच्या हातात दिला. "आवळा. लई न्हाई. ताठ झालं की थांबा."

बाईंनी आवळलं. मिस्त्रींनी चकरीवर ज्योत धरली. चकरी पिवळसर, मग निळसर दिसायला लागली. त्यांनी ज्योत बाजूला केली आणि हातोडा बाईंपुढे धरला.

"बोल्टाच्या डोक्यावर. सरळ. एकच ठोका."

बाईंनी हातोडा घेतला. एक ठोका मारला. फट्कन आवाज झाला आणि चकरी अर्धा बोट पुढे आली. नंतर ती पान्याच्या चार वळशांत निघून चादरीवर पडली. सात दिवस जिने आम्हाला दाद दिली नव्हती ती मोजून पाव तासात निघाली. कुंपणाशी उभ्या माणसांतून कुणीतरी वा म्हणालं. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नवी चकरी काढून मिस्त्रींना दिली आणि विचारलं, "ही चढवताना गरम करायची ना?"

"व्हय. तेलात. सांगतो."

त्यानंतर बाई बदलल्या असं मी म्हणणार नाही. गाडी त्यांनी पुढेही अनेकदा उघडली. छपरावरही चढल्या, आणि एकदा पडून मनगट मोडून घेतलं, ते प्लॅस्टरही मला शेजारी बसवून स्वतःच्या डाव्या हाताने घातलं. पण गाडी उघडायच्या आदल्या दिवशी त्या शेडमध्ये जाऊन मिस्त्रींना सांगून येत, आणि टांगेवाल्याला आवाराच्या दाराशी उभं करून ठेवत, दिवसभर तो नुसता विड्या ओढत बसला तरी. मिस्त्री वारले तेव्हा बाई त्यांच्या घरी जाऊन बायकांत दिवसभर बसून होत्या. मी लग्न होऊन शेवगाव सोडलं त्यानंतर काही वर्षांनी त्याही गेल्या, झोपेत, असं मला पत्राने कळलं. कळवणाऱ्याने त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात गाडीचा उल्लेख होता. पण त्या गाडीची म्हणून मला जी गोष्ट आठवते ती बाकी कुणाला ठाऊक नाही.

गाडी चालू झाल्यावर आठवड्याने बाई मला म्हणाल्या, "चल, नदीपलीकडे जाऊन येऊ."

"तिला बघायला?"

"तिला बघायला, आणि त्यांना सांगायला."

काय सांगायचंय ते माझ्या ध्यानात आलं. वाटेत मी त्यांना खूप समजावलं. मूल आडवं होतं, आदल्या दिवसापासून अडलेलं होतं, गाडी असती तरी काय झालं असतं कोण सांगणार? त्यांनी काही विचारलेलं नाही, मग आपण कशाला? बाई गाडी चालवत राहिल्या. फक्त एकदा म्हणाल्या, "चार तास आधी पोचलो असतो. त्या चार तासांत काय होतं ते मला ठाऊक आहे, तुलाही आहे."

सासरा ओसरीवर बसला होता. त्याने घोंगडी अंथरली. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, "गाडी मी खोलून ठेवली होती. गावात जाणता मिस्त्री होता, त्याला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर गाडी चालू असती आणि आम्ही लवकर आलो असतो."

"आमच्या नशिबात नव्हतं," म्हातारा म्हणाला.

"नशिबाचं मला ठाऊक नाही. उशीर माझ्यामुळे झाला."

म्हातारा उठला, पायांत वहाणा घातल्या आणि गोठ्याकडे निघून गेला. आम्ही होतो तोवर तो परत आला नाही. बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखं.

आतून सुनेने हाक मारली. आम्ही आत गेलो. ती बाजेवर बसली होती, तोंडावर थोडा रंग आला होता. बाईंनी तिची नाडी पाहिली, पोट तपासलं, आणि बाहेर सांगितलं तेच तिला सांगायला तोंड उघडलं. पण तिने ओसरीवरचं सगळं आतूनच ऐकलं होतं. तिने बाईंचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं,

"बाई, पोरगी हुती का पोरगा? मला कुनीच सांगंना. मी शुद्धीत आले तवर नेलं हुतं."

बाई खाली बसल्या. "पोरगी होती," त्या म्हणाल्या.

"कशी हुती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिनं तिला आंघोळ घातली," त्या म्हणाल्या. "हिला विचार."

ते खरं होतं. त्या दिवशी बाई आईला सांभाळत होत्या तेव्हा मी मागच्या दारी घमेल्यात कोमट पाणी घेऊन ते मूल धुतलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तसंच न्यावं असं मला वाटलं नाही एवढंच. मी बाजेच्या कडेला बसले. सांगितलं की केस दाट होते, मानेवर ओले होऊन वळले होते. बोटं लांब होती. डाव्या कानाच्या पाळीवर बारीक तीळ होता. हनुवटी तुझ्यासारखीच, मधे खळगा असलेली. वजनाला चांगली होती. माझ्याजवळचं मऊ पांढरं फडकं होतं, त्यात गुंडाळून दिली.

ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधेमधे आपल्या हनुवटीला हात लावत होती. मी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासू दाराशी येऊन उभी आहे. केव्हा आली कळलं नव्हतं. ती आत आली, सुनेच्या उशाशी भिंतीला टेकून बसली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली,

"पुन्यांदा सांग, नर्सबाई. घाईत मी बी तिला नीट बघितली न्हाई."

मी पुन्हा केसांपासून सांगायला लागले.